पंचावन्न हजार भरून पुस्तक काढू का?

"मी जन्मापासून इंदूरची. लग्नानंतर रामबागेतून लोकमान्य नगरात आले, एवढाच काय तो बदल. वय बेचाळीस. शाळा-कॉलेज हिंदी माध्यमातून, घरात मराठी. एका पतसंस्थेत नोकरी करते आणि रात्री कथा लिहिते. आता चौदा कथा झाल्यात. गेल्या वर्षी गणपतीत तीन दिवाळी अंकांना एकेक कथा पाठवली, कोणाचंच उत्तर नाही. मग एका प्रकाशकांना सगळ्या चौदा पाठवल्या, तर आठ दिवसांत होकार! ३०० प्रतींसाठी ५५,००० रुपये मी भरायचे, ५० प्रती मला, बाकीच्या ते विकणार. भाषा 'हिंदाळलेली' आहे, तेवढी शुद्ध करून द्या म्हणतात. पैसे महिनाअखेरीच्या आत हवेत. नवरा म्हणतो, हौस आहे तर भर. मैत्रीण म्हणते, हिंदीत लिही, तिथे वाचक जास्त. पुण्या-मुंबईत माझ्या ओळखीचं कोणी नाही. काय करू? त्यांचा मेल आणि माझी एक कथा जोडली आहे. नाव छापू नका, कारण कथेतली वहिनी म्हणजे आमच्या मोठ्या जाऊबाईच आहेत."
— एक वाचक, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. मुदत जवळ आली आहे म्हणून हे आधी सांगून टाकते, कारणं आता सावकाश सांगते.

चौदा कथा आठ दिवसांत वाचून होतात, त्यात नवल नाही. पण मनापासून वाचलं की माणूस काहीतरी विचारतो. ही कथा अशी का संपवलीत? या दोन कथांतली बाई एकच का? ही संग्रहात हवी का? तुम्ही जोडलेल्या मेलमध्ये एकाही कथेचं नाव नाही. भाषेबद्दलचं जे एक वाक्य आहे, ते महाराष्ट्राबाहेरच्या कुठल्याही लेखकाला, त्याचं एक पानही न उलटता लिहिता येईल. आणि ती शुद्ध करायचं कामही परत तुमच्याच गळ्यात.

हिशेब मांडून पाहा, तुमचा तर दिवस आकड्यांतच जातो. ५५,००० भागिले ३००, म्हणजे प्रतीमागे सुमारे १८३ रुपये तुमच्याकडून आधीच जमा. छपाई त्यातच निघाली, नफाही निघाला. मग उरलेल्या २५० प्रतींसाठी दुकानदारांचे उंबरठे झिजवायची निकड कोणाला राहील? त्या विकल्या गेल्या काय आणि गठ्ठ्यात पडून राहिल्या काय, त्यांचं काहीच अडत नाही.

जो प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, त्याचं गणित निराळं असतं. समजा ५०० प्रती काढल्या, किंमत २५० रुपये ठेवली आणि लेखिकेला १० टक्के स्वामित्वधन ठरलं. सगळी आवृत्ती संपली तर तुमच्या हाती १२,५०० रुपये येतील, आणि नव्या लेखिकेचा कथासंग्रह संपायला वर्षं लागतात. वितरक आणि दुकानदाराचा वाटा मोठा असतो, त्यामुळे प्रकाशकाच्याही हाती फार उरत नाही. कथा लिहून मराठीत घर चालत नाही, हे आत्ताच स्पष्ट सांगितलेलं बरं. पण त्याचे पैसे अडकणार असतात, म्हणून तो निवडतो. चार कथा गाळतो, तीन परत लिहायला लावतो, नावावरून वाद घालतो. तुमच्या लिखाणाच्या वाट्याला हे अजून एकदाही आलेलं नाही, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. आज तुम्हाला गरज आहे ती संपादकाची. प्रकाशकाचं मागाहून बघू.

तुमची कथा मी दोनदा वाचली. वाड्याची वाटणी चालली आहे. दोन भाऊ, दोघी जावा, ओसरीवर मांडलेली भांडी. न्हाणीघरातला तांब्याचा बंब कोणालाच नको आहे, कारण दोघांच्याही फ्लॅटमध्ये त्याला जागा नाही. भंगारवाला येतो, बंब उचलून काट्याला अडकवायला जातो, आणि इतका वेळ गप्प असलेली वहिनी एकदम म्हणते, "राहू द्या भिया, त्यात पाणी आहे." बंब कोरडा आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कोणी काही बोलत नाही. भंगारवाला काटा गुंडाळतो.

ताई, या जागेला मी थांबले. दिवाळी अंकांच्या संपादनात बरीच वर्षं काढल्यावर एवढं कळतं की हे शिकवून येत नाही. असं लिहिणाऱ्या बाईने छापून घेण्यासाठी पैसे मोजावेत हे मला सहन होत नाही, म्हणून इतकं लांबलचक उत्तर लिहिते आहे.

पण त्या जागेपर्यंत पोचायला साडेतीन पानं लागतात. पहिल्या दीड पानात वाडा कोणी बांधला, होळकरांच्या दरबारात पणजोबा काय काम करायचे, तुळशीवृंदावन कधी हललं, सगळं येतं. हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. वाचकाला त्यातलं फार थोडं लागतं. कथा ओसरीवरच्या भांड्यांपासून सुरू करा. पणजोबा हवेच असतील तर बंबावर कोरलेल्या नावातून येऊ द्यात, एका ओळीत. आणि भंगारवाला गेल्यावर तुम्ही जो परिच्छेद लिहिला आहे, 'गतकाळाच्या स्मृतींचा ओलावा तिच्या अंतःकरणात अद्याप जिवंत होता' वगैरे, तो सबंध काढून टाका. वहिनीने जे चारचौघांत झाकून घेतलं ते तुम्ही पुढच्याच ओळीत उघडं केलंत.

आता त्या 'हिंदाळलेल्या' भाषेबद्दल. तुमची माणसं बोलतात ती भाषा जिवंत आहे. "आई, तू रडून राहिली का?", "हे घेऊन घे, ते राहू दे." बिघडलं आहे ते निवेदन, तिथे 'नयन' आहेत, 'अंतःकरण' आहे, 'क्षणार्धात' आहे. प्रकाशकांना जे खटकलं ते तुमचं बळ आहे आणि जे चाललं ते कच्चं आहे. हे कशामुळे होतं त्याचा अंदाज करता येतो. बोलायची मराठी तुम्हाला घरातून मिळाली, वाचायची मराठी वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांतून. शाळेत मराठी निबंध कधी लिहावाच लागला नाही, त्यामुळे लिहायला बसलं की ती पुस्तकं कानात बोलू लागतात. निवेदन संवादांच्या जवळ आणा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, मराठवाडी बोलणारी माणसं मराठी कथेत कधीच येऊन बसली आहेत. मल्हाररावांच्या काळापासून माळव्यात नांदलेल्या मराठीने तेवढं दाराबाहेर का थांबायचं?

मात्र एक काम कसून करावं लागेल. तुमच्या कथेत आजी, वहिनी, दीर आणि नातू चौघंही एकसारखं बोलतात. प्रत्यक्षात तसं नसतं. आजीची मराठी जुन्या वळणाची असेल, तिच्यात हिंदी कमी असेल. नातवाचं निम्मं बोलणं हिंदी, मध्येच एखादा मराठी शब्द. हा फरक तुमच्या कानात पक्का आहे, तो कागदावर उतरवा. मग कोणी बोलीला नावं ठेवली तरी तुम्हाला कळेल की आपण जाणूनबुजून केलंय.

शुद्धलेखन ही वेगळी गोष्ट, तिथे सवलत नाही. 'आणि' तुम्ही सगळीकडे दीर्घ लिहिलं आहे, आणि 'की' हिंदीच्या सवयीने ऱ्हस्व. 'वहिनीनी' की 'वहिनीने' याचा एका पानावर एक निकाल, दुसऱ्या पानावर दुसरा. कामात बुडालेला संपादक पहिल्या पानावर अशा सहा गोष्टी दिसल्या की दुसरं पान उलटत नाही, आणि तुमचा बंब तर चौथ्या पानावर आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या कोणाकडून तरी एकदा वाचून घ्या.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. माळव्यात वाढलेल्या मुक्तिबोध भावांपैकी गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि तिथले फार मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीतच राहिले. कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, समीक्षा लिहिली, आणि १९७९ साली त्यांना मराठीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घर एकच होतं. वाचक कुठे जास्त, यावर हे ठरत नाही. वहिनीचं ते वाक्य तुम्हाला मराठीत सुचलं ना? मग झालं.

कथा परत आल्या नाहीत, उत्तरही आलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलंय. पण तुम्ही त्या पाठवल्यात गणपतीत! का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दिवाळी अंकासारखी हक्काची जागा दुसरी नाही. पण त्या अंकाची तयारी उन्हाळ्यात सुरू होते. बहुतेक अंक मे-जूनमध्ये साहित्य जमवत असतात, जुलै-ऑगस्टपर्यंत निवड आटोपते. गणपतीत पानं लागत असतात, चित्रकाराची चित्रं यायची असतात, जाहिरातदारांचे फोन चालू असतात. त्या दिवसांत अनोळखी नावाने आलेली कथा कोणी उघडूनही पाहिली नसेल. तुमच्या तीन कथा नाकारल्या गेल्या असं धरूच नका. त्या वाचल्याच गेलेल्या नाहीत.

या वेळी असं करा. वाचनालयातून गेल्या दोन वर्षांचे आठ-दहा दिवाळी अंक आणा आणि त्यांतल्या फक्त कथा वाचा. कुठला अंक घरगुती कथा घेतो, कुठला प्रयोग करणाऱ्या, कुठे पाच हजार शब्द चालतात, कुठे अडीच हजारांत संपवावं लागतं, हे तुम्हाला आपोआप दिसेल. दोन अंक निवडा. दोघांना दोन वेगळ्या कथा पाठवा. एकच कथा एकाच वेळी दोघांकडे कधीही पाठवू नका, दोघांनी छापली तर दोन्ही दारं कायमची बंद. कथा युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडा. अजून बऱ्याच ठिकाणी मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेतात आणि त्यात जोडाक्षरं तुटतात, 'ऱ्य'चे तर हाल होतात. पीडीएफ असली की मूळ काय होतं ते त्यांना कळतं. मेल चार-पाच ओळींचा असू द्या. कथेचं नाव, शब्दसंख्या, स्वतंत्र आणि अप्रकाशित असल्याचा उल्लेख, पत्ता, फोन. कथा कशाबद्दल आहे ते समजावून सांगू नका. आणि 'अप्रकाशित' म्हणताना जपून. फेसबुकवर टाकलेली कथा पुष्कळ संपादक प्रकाशितच धरतात, तेव्हा उरलेल्या कथा तिथे टाकू नका. तीन महिन्यांत काही कळलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा, मग कथा मागे घेतल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा. मासिकं आणि त्रैमासिकं तर वर्षभर कथा घेतात, त्यांना दिवाळीचा मुहूर्त लागत नाही.

पुण्या-मुंबईत ओळख नाही, याची काळजी मात्र मनातून काढाच. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत यांची पत्रं अजून लेखकांच्या बोलण्यात येतात, ती याचसाठी. कथा पुन्हा लिहायला सांगणारी ती पत्रं नवख्या लेखकांनाही जायची. आता पत्रांच्या जागी तीन ओळींचा मेल येतो किंवा एखादा फोन, पण नवं नाव सापडल्यावर संपादकाला होणारा आनंद तोच आहे. 'शेवट पुन्हा पाहाल का?' असा निरोप आला तर रागावू नका आणि लगेच 'हो' म्हणूनही मोकळ्या होऊ नका. चार दिवस जाऊ द्या. मग जे पटलं ते बदला आणि जे पटलं नाही ते का, हे एका ओळीत लिहा. अशा दोन-तीन देवाणघेवाणींत जे हाती लागेल ते चौदा कथा एकटीने लिहून लागत नाही.

आणि इंदुरात बसून इंदुराला कमी लेखू नका. तुमच्या गावात १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आहे. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, 'श्री सर्वोत्तम'सारखं मासिक तुमच्याच गावातून निघतं. 'सानंद' या तिथल्या संस्थेच्या मराठी नाटकांना जी माणसं येतात ती तुमची पहिली वाचक आहेत. एखाद्या बैठकीत ही कथा मोठ्याने वाचा. त्यानंतरच्या कौतुकाकडे फार लक्ष देऊ नका, आपल्या माणसांत सगळेच कौतुक करतात. वाचताना लोक कुठे चुळबुळले आणि कुठे एकदम शांत झाले, तेवढं टिपून घ्या. पणजोबांच्या दीड पानाचा निकाल तिथेच लागेल.

पाच-सहा कथा अशा निरनिराळ्या ठिकाणी छापून आल्या की मग संग्रह. चौदाच्या चौदा नकोत, आठ-नऊ पुरेत. मौज, पॉप्युलर, राजहंस अशी जुनी घरं असोत किंवा एखादा नवा प्रकाशक, आधी त्याची यादी पाहा; नव्या लेखकांचे कथासंग्रह काढतो का ते बघा. दोन कथा, बाकीच्यांची नावं आणि त्या कुठल्या अंकांत आल्या याची यादी, एवढंच पहिल्यांदा पाठवा. उत्तराला सहा महिने लागले तरी धीर सोडू नका. पहिल्याच पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. तिची जाहिरात निघते तेव्हा अटी नीट वाचा, रहिवासाबद्दल काय म्हटलंय तेही पाहा.

एवढं सगळं करून कोणी घेतलंच नाही आणि स्वखर्चानेच काढायचं ठरलं, तर त्यातही काही कमीपणा नाही. फक्त मग ते खरोखर तुमचं असू द्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई यांचे दर वेगवेगळे मागवा. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात. सगळ्या प्रती तुमच्या, सगळे हक्क तुमचे.

हक्कांवरून आठवलं, त्या मेलच्या शेवटी 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असं बारीक अक्षरांत आहे, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. कथा लिहून झाली त्याच क्षणी तिचा स्वामित्वहक्क तुमचा झाला, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे लेखी आणि सही केलेला करार लागतो. कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, हे त्यात असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. करारात वेगळं ठरलेलं नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर ते तुमच्याकडे परत येतात. उद्या चांगल्या प्रकाशकाशी करार करतानाही छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट यांची वेगवेगळी नोंद करून घ्या. छापील पुस्तकाच्या करारात बाकीचे हक्क उगाच देऊन टाकायचं कारण नाही.

जाऊबाईंचं राहिलं. कथा स्वीकारली जाईपर्यंत त्यांना दाखवू नका, नाहीतर त्यांना आवडेल अशी ती तुम्ही नकळत लिहाल. ओळख पटवणाऱ्या बारीकसारीक गोष्टी बदला. त्यांचं गाव, मुलांची संख्या, कपाळावरची खूण, गल्लीचं नाव. अंक निघणार हे पक्कं झालं की तो घरी यायच्या आत त्यांच्याकडे जा आणि स्वतः सांगा. चारचौघांत नको, फोनवरही नको. तुमच्या कथेत त्यांचा कुठे अपमान नाही. उलट त्या घरात एकट्या त्यांनाच बंबाची किंमत कळली आहे. तरी त्या रागावतील, बहुतेक थोडे दिवस. ते ऐकून घ्यायचं. छापू नका म्हणाल्या तर काय, याचा विचार मात्र आधीच करून ठेवा, कारण तो निर्णय तुमच्या वतीने ना मी घेऊ शकत, ना संपादक.

त्या प्रकाशकांना आजच उत्तर पाठवा. फोन करू नका. मेलच करा, लेखी राहायला हवं. 'आपला प्रस्ताव मला मान्य नाही. पाठवलेल्या चौदा कथांचे कोणतेही हक्क मी आपल्याला दिलेले नाहीत, त्या आपण कुठेही वापरू नयेत', एवढं पुरे. त्यांनी रक्कम कमी करून परत विचारलं, तर हाच मजकूर पुन्हा पाठवा. आणि बंबाच्या कथेचा नवा खर्डा झाला की मला पाठवा, पण एप्रिल संपायच्या आत.